‘रिवॉर्डिंग’ म्हणायचं कधी, आणि म्हटल्यावर पुढे काय बोलायचं

संध्याकाळी सातला माझा क्लास भरतो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे समोर बसलेल्या चौदाजणींत बारा तरी नर्स असतात. ड्यूटी संपवून थेट आलेल्या, पिशवीत रिकामा डबा आणि चुरगळलेला एप्रन. कुणाला इंग्लंडला जायचंय, कुणाला आयर्लंडला, कुणाला आखातात. मी नर्स नाही, इंग्रजीची बाई आहे. ओईटी नावाची, आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची जी इंग्रजीची परीक्षा या मुली देतात तिची तयारी करून घेते आणि इंटरव्ह्यूची तालीम घेते.

तालमीत एक प्रश्न मी कधीच चुकवत नाही, कारण खऱ्या इंटरव्ह्यूतही तो वारंवार येतो: ‘व्हॉट डू यू फाइंड मोस्ट रिवॉर्डिंग अबाउट युवर वर्क?’

एका संध्याकाळी जतच्या मुलीनं क्षणभरही न थांबता उत्तर दिलं, ‘मॅडम, आय गॉट बेस्ट स्टुडंट नर्स अवॉर्ड इन थर्ड इयर.’

मागच्या बाकावरच्या तिघींनी मान डोलावली. छान बोलली म्हणून.

उत्तर छानच होतं, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं होतं. पुढचे तीन दिवस आम्ही या एका शब्दावर घालवले. त्यातलं जे उपयोगी वाटलं ते इथे लिहिते आहे. नर्सेससाठी म्हणून सुरू झालं असलं तरी शिक्षक, शेतकरी, आयटीतली मुलं, कुणालाही चालेल.

आधी डोक्यातून बक्षीस काढून टाका. यात चूक मुलींची नाही, फोनची आहे. विजेचं बिल भरलं की स्क्रॅच कार्ड येतं, त्यावर ‘रिवॉर्ड’ लिहिलेलं असतं, बोट घासलं की ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’. बँकेच्या कार्डावर रिवॉर्ड पॉइंट्स. त्यामुळे रिवॉर्ड म्हटलं की कुणीतरी वरून काहीतरी देणार, असं मनात बसलं आहे. नाम म्हणून रिवॉर्डचा तो अर्थ आहेच. हरवलेला कुत्रा शोधून दिला तर मालक देतो ते रिवॉर्ड. कमिटीनं बसून, नावं वाचून, स्टेजवर बोलावून दिलं ते अवॉर्ड. म्हणून ‘आय वॉज रिवॉर्डेड बेस्ट नर्स’ चूक, तिथे ‘अवॉर्डेड’ हवं.

पण ‘रिवॉर्डिंग’ हे विशेषण झालं की देणारा माणूसच गायब होतो. देतं ते काम. तुम्ही एखाद्या कामात जीव ओतता आणि ते काम तुम्हाला काहीतरी परत करतं. ते बहुतेक वेळा पैसा नसतं आणि लगेच तर कधीच नसतं. मराठीत याला एका शब्दाचं विशेषण नाही, पण वाक्य मात्र पिढ्यान्‌पिढ्या वापरातलं आहे: कष्टाचं चीज झालं. मी मुलींना चाचणी देते ती हीच. जिथे तुम्ही ‘कष्टाचं चीज झालं’ म्हणाल तिथे ‘रिवॉर्डिंग’ बेलाशक म्हणा. जिथे नुसतं ‘मजा आली’ म्हणाल तिथे म्हणू नका.

रायगडाचं उदाहरण घ्या. पायऱ्या चढून गेलात, मध्ये तीनदा बसलात, पोटऱ्या भरून आल्या, आणि वर पोचल्यावर वारा अंगावर आला, तर तो अनुभव रिवॉर्डिंग. रोपवेनं चार-पाच मिनिटांत वर गेलात तर गड तोच, वारा तोच, पण विशेषण ‘एन्जॉयेबल’ किंवा ‘लव्हली’. (आईला गुडघ्यांमुळे मी रोपवेनंच नेलं होतं, तेव्हा रोपवेला नावं ठेवत नाही.) तसंच जेवण रिवॉर्डिंग नसतं, हवा नसते, लग्न-समारंभ नसतो. सिनेमा सहसा नसतो. पुस्तक मात्र असू शकतं, पण इंग्रजीत ‘अ रिवॉर्डिंग रीड’ म्हणतात तेव्हा त्यात एक सूचना दडलेली असते: सुरुवातीची शंभर पानं नेटानं वाचावी लागतील, मग मिळेल.

आता व्याकरण. इथे माझी स्वतःची फजिती सांगते, कारण ती सांगितल्यावर हा नियम कुणी विसरत नाही.

बी.एड. झाल्यावर मी एका ज्युनिअर कॉलेजात मुलाखतीला गेले होते. आदल्या रात्री चांगले चांगले शब्द पाठ केले होते. ‘टेल अस अबाउट युवरसेल्फ’ म्हटल्यावर मी ताठ बसून म्हणाले, ‘सर, आय अ‍ॅम अ व्हेरी रिवॉर्डिंग टीचर.’ टेबलापलीकडच्या एका गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मराठीत विचारलं, ‘म्हणजे काय, बक्षिसं वाटता का?’ बाकीचे हसले. मीही हसले, काय करणार. नोकरी लागली नाही. त्याचं कारण हे वाक्य नसेलही, पण घरी येताना एसटीत मला दुसरं कारण सुचेना.

चूक कुठे होती? ‘-इंग’ लागलेलं विशेषण भावना निर्माण करणाऱ्या गोष्टीला लागतं, ती भावना ज्याला होते त्याला नाही. लेक्चर बोअरिंग असतं, मी बोअर्ड असते. ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ म्हटलं तर मीच लोकांना कंटाळा आणते असा अर्थ होतो. तसं काम रिवॉर्डिंग असतं, मी नाही. बोअर्डच्या चालीवर ‘आय अ‍ॅम रिवॉर्डेड’ मात्र करू नका, ते बक्षिसाकडे जातं. ‘आय फील रिवॉर्डेड’ चालतं, पण इंग्रज माणूस सहसा वाक्य वेगळं फिरवतो. तो म्हणतो, ‘आय फाइंड इट रिवॉर्डिंग.’

हे ‘फाइंड’ फार महत्त्वाचं आहे. इथे शोधण्याचा संबंध नाही. ‘मला ते तसं वाटतं, अनुभवानं वाटतं’ असा त्याचा अर्थ. आपल्या मुली ‘आय फील धिस जॉब इज रिवॉर्डिंग’ म्हणतात. चूक नाही, पण थोडं लंगडतं. ‘आय फाइंड धिस जॉब रिवॉर्डिंग’ असं म्हटलं की मधला ‘इज’ही गळतो आणि वाक्य सरळ चालतं.

मी फळ्यावर चारच सांगाडे लिहून देते. चारांत काम भागतं.

‘आय फाइंड इट रिवॉर्डिंग टू वर्क विथ ओल्ड पीपल.’ हे सगळ्यात कामाचं.

‘इट इज रिवॉर्डिंग टू सी अ पेशंट वॉक अगेन.’ इथे ‘सी’नंतर ‘वॉक’, ‘वॉक्स’ नाही. पेशंट एकच आहे म्हणून एस लावायचा मोह होतो. लावू नका.

‘व्हॉट आय फाइंड मोस्ट रिवॉर्डिंग इज टीचिंग द फॅमिली.’ मुलाखतीतल्या प्रश्नाचं उत्तर याच वाक्यानं सुरू करायचं. प्रश्नातलेच शब्द उचलायचे, म्हणजे विचार करायला दोन सेकंद मिळतात. ‘इज’नंतर क्रियापदाला ‘इंग’.

‘इट वॉज अ रिवॉर्डिंग एक्स्पीरियन्स.’ इथे ‘अ’ कधीही खाऊ नका.

या ‘अ’साठी मी जितकी ओरडले असेन तितकी कशासाठीच नाही. मराठीत ही भानगडच नाही, म्हणून आपली जीभ तो गिळते. पण इथे तो नुसता दागिना नाही. ‘एक्स्पीरियन्स’ला ‘अ’ लागला की एक घटना, एक प्रसंग. ‘अ’ नाही तर नोकरीत काढलेली वर्षं. ‘आय हॅव फाइव्ह इयर्स एक्स्पीरियन्स’ यात ‘अ’ नाही, कारण ती वर्षं आहेत. ‘इट वॉज रिवॉर्डिंग एक्स्पीरियन्स’ म्हटलं की ऐकणारा दोन अर्थांच्या मध्ये लटकतो. बायोडेटात तर आणखी गंमत दिसते: ‘आय हॅव रिवॉर्डिंग फाइव्ह इयर्स एक्स्पीरियन्स.’ हे मोडून दोन वाक्यं करा. पाच वर्षं एका वाक्यात, रिवॉर्डिंग काय वाटलं ते दुसऱ्यात.

उच्चाराबद्दल फार सांगायची गरज नाही, कारण नर्सेसच्या तोंडात अर्धा शब्द आधीच आहे. ‘वॉर्ड’ दिवसातून पन्नास वेळा म्हणता ना? त्याच्या आधी छोटा ‘रि’ लावा. जोर ‘वॉर्ड’वर, ‘रि’वर नाही. आपल्याकडे काहीजणी ‘रिव्हॉर्डिंग’ म्हणतात. दात ओठाला लावू नका, ओठांचा चंबू करा, शिट्टी मारायच्या आधी करतो तसा.

आणि हा ‘वॉर्ड’ नुसता उच्चारापुरता नाही, खरंच सख्खा आहे. हे मला कळलं तेव्हा इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी ओईटीचा धडा बाजूला ठेवून मी तेच सांगत बसले. ‘वॉर्ड’च्या मुळाशी राखण करणं, नजर ठेवणं हा अर्थ आहे. ‘रिवॉर्ड’मधला ‘वॉर्ड’ त्याच जुन्या जर्मानिक मुळाचा, फक्त तो फ्रेंचमधून वळसा घालून इंग्रजीत आला. उत्तर फ्रान्सच्या बोलीत या शब्दांना ‘व’ होता, पॅरिसकडच्या बोलीत त्याचा ‘ग’ झाला. इंग्रजीनं दोन्ही ठेवून घेतले. म्हणून ‘वॉर्डन’ही आहे आणि ‘गार्डियन’ही. मिक्सर घेताना आपण दुकानदाराला विचारतो, ‘वॉरंटी आहे का गॅरंटी?’ तीही एकाच घरातली जोडी. तसंच ‘रिवॉर्ड’ आणि ‘रिगार्ड’. मेलच्या शेवटी तुम्ही जे ‘रिगार्ड्स’ लिहिता ते या रिवॉर्डचंच भावंड. दोन्हींचा जुना अर्थ एकच: वळून पाहणं, दखल घेणं. मध्ययुगीन इंग्रजीत ‘रिवॉर्ड’ हा शब्द नुसत्या ‘लक्ष देणं’ या अर्थानंही वापरात होता, मोबदल्याचा अर्थ नंतर त्यावर चढत गेला.

हे ऐकून पलूसची एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे मॅडम, पेशंटनं नुसतं वळून बघितलं तरी रिवॉर्ड?’ मी म्हटलं, व्युत्पत्तीनं तरी हो.

आता शेजारचे शब्द. मुली डिक्शनरी उघडतात आणि ‘रिवॉर्डिंग’समोर दिलेले पाच शब्द पाठ करतात, जणू ते एकाच मापाचे डबे आहेत. तसं नाही.

‘वर्थव्हाइल’ यात ‘व्हाइल’ म्हणजे वेळ. वेळ घालवण्याच्या लायकीचं. आपल्याकडे ‘वेळ सार्थकी लागला’ म्हणतो ते. यात गोडवा असेलच असं नाही. लसीकरणाच्या कॅम्पला उन्हात दिवसभर उभं राहणं वर्थव्हाइल आहे, पण घरी आल्यावर पाय सुजलेले असतात आणि मनात काही फुललेलं नसतं. त्याला रिवॉर्डिंग म्हणायची बळजबरी नाही. याच कुळातल्या ‘वर्थ’बद्दल एक इशारा: ‘वर्थ टू सी’ म्हणू नका, ‘वर्थ सीइंग’. ही चूक मला इंग्रजी माध्यमाच्या मुलांतही सापडते.

‘सॅटिस्फाइंग’चं मराठी करताना घोटाळा होतो. ‘समाधानकारक’ हा शब्द आपण शाळेच्या प्रगतिपुस्तकात वापरून वापरून झिजवला आहे. ‘प्रगती समाधानकारक’ म्हणजे काय ते प्रत्येक आईला कळतं: फार काही नाही, पण पास होईल. पेपरात ‘रुग्णाची प्रकृती समाधानकारक’ म्हणजे धोका टळला, एवढंच. तो इंग्रजीतला ‘सॅटिस्फॅक्टरी’. ‘सॅटिस्फाइंग’ म्हणजे खरंच तृप्त करणारं, आणि त्याला कष्टाची अट नाही. गरम भात-आमटी सॅटिस्फाइंग असते. ड्रेसिंग नीट, स्वच्छ बसलं की वाटतं ते सॅटिस्फाइंग. दहा मिनिटांत सुरू, दहा मिनिटांत संपतं. रिवॉर्डिंगला पल्ला लांब लागतो.

‘फुलफिलिंग’ त्याहून मोठं. ते एका प्रसंगाला सहसा लावत नाहीत, आयुष्याला, नोकरीला, नात्याला लावतात. कृतार्थ वाटणं. बावीस वर्षांच्या मुलीनं मुलाखतीत ‘माय करिअर हॅज बीन फुलफिलिंग’ म्हटलं की मला हसू आवरत नाही. अगं, अजून सुरू तरी होऊ दे. रिटायरमेंटच्या भाषणासाठी ठेव. ‘एन्रिचिंग’ म्हणजे भर घालणारं, ज्यातून तुम्ही शिकलात, वाढलात. ते प्रवासाला, ट्रेनिंगला बरं दिसतं.

आणि उलट बाजूला ‘थँकलेस’. हा शब्द मुलींना फार आवडतो. ‘अ थँकलेस जॉब’ म्हणजे मरमर करा आणि कुणी नाव काढत नाही. ‘अनरिवॉर्डिंग’ही आहे, पण रोजच्या बोलण्यात ‘थँकलेस’ जास्त. मुलाखतीत हा वापरू नका, मैत्रिणीजवळ खुशाल वापरा.

पैशाचं काय? कवठेमहांकाळच्या मुलीनं सरळ विचारलं होतं, ‘मॅडम, पगार चांगला असेल तर रिवॉर्डिंग का नाही म्हणायचं?’ म्हणता येतं, पण मग आधी ‘फायनान्शियली’ लावावं लागतं: ‘फायनान्शियली रिवॉर्डिंग’. काही न लावता रिवॉर्डिंग म्हटलं तर ऐकणारा पैसा सोडून बाकीचं समजतो. ‘रिवॉर्डिंग सॅलरी’ ही जोडी तर जमतच नाही. सॅलरी ‘गुड’ असते, ‘डिसेंट’ असते, जॉब ‘वेल-पेड’ असतो. ‘फायनान्शियली’सारखेच ‘प्रोफेशनली’, ‘इमोशनली’, ‘पर्सनली’ पुढे लागतात. किती, हे सांगायला ‘डीपली’, ‘हायली’, ‘इमेन्सली’, नाहीतर साधं ‘व्हेरी’ पुरतं. ‘रिचली’ ‘रिवॉर्डेड’बरोबर जातं तसं ‘रिवॉर्डिंग’बरोबरही.

याच कारणानं जाहिराती वाचताना जरा सावध. ‘चॅलेंजिंग बट रिवॉर्डिंग’ ही जोडी परदेशातल्या केअरच्या नोकऱ्यांच्या जाहिरातींत इतकी येते की आता ती बैलजोडीसारखी एकत्रच चालते. माझं मत विचाराल तर तिथे ‘चॅलेंजिंग’चा अर्थ ‘कंबर मोडेल’ असा घ्यावा आणि ‘रिवॉर्डिंग’ दिसलं की पगाराचा आकडा लिहिला आहे का ते आधी पाहावं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या जाहिरातीत बँड, म्हणजे पगाराची श्रेणी, आणि पगार सहसा स्पष्ट छापलेला असतो. जिथे नुसतं विशेषण आहे आणि आकडा नाही, तिथे फोन करून विचारा. भिडस्तपणा नको.

पण हीच जोडी तुमच्या उत्तरात कामाला येते, फक्त तिच्यावर थांबायचं नाही. ‘नर्सिंग इज चॅलेंजिंग बट रिवॉर्डिंग’ हे वाक्य मुलाखत घेणाऱ्यानं त्या सकाळी आधीच सहा वेळा ऐकलेलं असतं. इथेच माझं सगळं शिकवणं येऊन थांबतं. ‘रिवॉर्डिंग’ म्हटलं की लगेच स्वतःला विचारायचं: परत काय आलं? मोठं उत्तर शोधायचं नाही. हातात धरता येईल असं सांगायचं.

जतच्या मुलीबरोबर आम्ही हे कसं केलं ते सांगते, म्हणजे पद्धत कळेल.

पहिल्या खेपेला अवॉर्ड झालं. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, ‘आय फाइंड इट रिवॉर्डिंग टू सर्व्ह ह्युमॅनिटी.’ सांगाडा अगदी बरोबर. आशय पोकळ. मी म्हटलं, ह्युमॅनिटीचा बेड नंबर काय? सगळ्या हसल्या, ती जरा रुसली.

मग मी इंग्रजी बंद केलं आणि म्हटलं, मराठीत सांग, ड्यूटीवरून घरी जाताना आपणहून हसू आलं असा एक दिवस सांग. बराच वेळ काही बोलली नाही. खाली सतारमेकरांच्या दुकानात कुणीतरी जवारी काढत होतं, एकच तार पुन्हा पुन्हा वाजत होती. मग सांगायला लागली. मध्यंतरी ती एका घरी केअरटेकर म्हणून जायची. लकव्यानं वाचा गेलेले आजोबा. रोज तोंडाचे व्यायाम करून घ्यायची, घास भरवताना मान पुढे धरायची, ठसका लागू नये म्हणून. प्रत्येक वेळी वस्तूचं नाव मोठ्यानं घ्यायची. पाणी. चमचा. चहा. सहा आठवडे आजोबा नुसते बघत. आणि एका दुपारी ती कप घेऊन आली तर तेच म्हणाले, ‘च्या.’

‘चहा नाही मॅडम, च्या,’ ती म्हणाली. ‘आमच्याकडं म्हणतात तसं.’

हे इंग्रजीत आणायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘ही वॉज स्ट्रोक पेशंट अँड आय गेव्ह हिम स्पीच एक्सरसाइज अँड आफ्टर सिक्स वीक्स ही टोल्ड टी अँड आय फेल्ट व्हेरी रिवॉर्डिंग.’ शेवटचं आधी दुरुस्त केलं, कारण रिवॉर्डिंग ती नाही, तो अनुभव. ‘टोल्ड’चं ‘सेड’ केलं. ‘टोल्ड’ला कुणाला सांगितलं ते लागतं, नुसता शब्द उच्चारला तर ‘सेड’. मग लांब वाक्य कापलं. मी मुलींना सांगते, घाबरलेल्या माणसानं छोटी वाक्यं बोलावीत, त्यात पडायला जागा कमी असते. शेवटी असं झालं:

‘आय लुक्ड आफ्टर अ मॅन हू हॅड लॉस्ट हिज स्पीच आफ्टर अ स्ट्रोक. आय नेम्ड थिंग्ज फॉर हिम एव्हरी डे. वॉटर, स्पून, टी. आफ्टर सिक्स वीक्स ही सेड हिज फर्स्ट वर्ड. इट वॉज “च्या”. आय फाउंड दॅट व्हेरी रिवॉर्डिंग.’

बघा, ‘रिवॉर्डिंग’ शेवटी गेलं. आधी कष्ट, मग दिवस, मग जे परत आलं ते, आणि मग शब्द. शब्द आधी घेतला तर ऐकणारा पुराव्याची वाट बघत बसतो. शेवटी आला तर त्याचं त्यालाच ते पटलेलं असतं, तुम्ही फक्त नाव देता. आणि ‘च्या’चं भाषांतर करू दिलं नाही मी. त्यांना विचारायचं असेल तर विचारतील.

आजोबांचं नाव, गाव, मुलगा काय करतो, हे तिच्या मराठी गोष्टीत होतं. इंग्रजीतून काढून टाकलं. पेशंटची ओळख बाहेर सांगायची नाही हा या पेशाचाच नियम आहे, आणि मुलाखत घेणारे तेही बघत असतात.

कुठे वापरू नये तेही सांगते, पटकन. ओईटीच्या लेखी भागात जे पत्र लिहावं लागतं त्यात नको. तिथे पुढच्या डॉक्टरला किंवा नर्सला पेशंटची माहिती हवी असते, तुमच्या भावना नकोत. 12 मे, नर्सेस डेच्या कार्यक्रमाला ‘इट वॉज अ रिवॉर्डिंग फंक्शन’ नको. हार-तुऱ्यांत कष्ट कसले? आणि नातेवाईकांसमोर तर मुळीच नको. ज्यांचं माणूस चाललं आहे त्यांना त्याची सेवा तुम्हाला किती रिवॉर्डिंग वाटली हे सांगू नका. शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणाऱ्या नर्सेस आपसांत हा शब्द वापरतात आणि खरेपणानं वापरतात, पण तो ड्यूटीरूममधला शब्द आहे, बेडजवळचा नाही.

सरावासाठी वही करा. रोज एक ओळ, मराठीत: आज काय केलं, आणि काय परत आलं. दुसरा रकाना पुष्कळदा रिकामा राहील. राहू द्या. पंधरा दिवसांनी भरलेल्या ओळींतल्या दोन निवडा आणि वरच्या चार सांगाड्यांत बसवून मोठ्यानं म्हणा, फोनवर रेकॉर्ड करा. पाठ मात्र करू नका. पाठ केलेलं उत्तर ऐकू येतं. ओईटीच्या बोलण्याच्या भागात सुरुवातीला तुमच्या कामाबद्दल थोड्या गप्पा होतात, त्यांना गुण नसतात. तिथे अशी एखादी ओळ सहज बोलून गेलात तर पुढच्या दोन रोलप्लेसाठी जीभ सैल होते.

कवठेमहांकाळच्या मुलीनं पंधरा दिवसांनी वही आणून दिली. दुसरा रकाना सगळाच्या सगळा कोरा. ‘खरं सांगू का मॅडम, मला काहीच रिवॉर्डिंग वाटत नाही. नाइट असते. सलाइन बदलते, बीपी घेते, लिहिते. सकाळी सगळे झोपलेलेच असतात.’

मी तिला म्हटलं, मग खोटं बोलू नकोस. ‘रिवॉर्डिंग’ म्हणायचं बंधन नाही. ‘आय थिंक इट्स वर्थव्हाइल’ म्हण, किंवा तुला खरंच काय वाटतं ते तुझ्या शब्दांत लिहून आण.

दुसऱ्या दिवशी तिनं आणलं. ‘नाइट ड्यूटी इज नॉट रिवॉर्डिंग. बट समबडी मस्ट अवेक.’

मी ‘मस्ट’नंतर एक ‘बी’ घातला. बाकी तसंच ठेवलं.